बचाव जमिनीवरच ठरतो

(शिरूर कासार येथे युवक कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. हेलिकॉप्टरचे इंजिन आकाशात बंद पडले तर काय होते, अशा वेळी ते कसे उतरवतात आणि त्याच्या इंधनाचे नियोजन कसे करतात, हे सांगण्यासाठी शिरूर कासार हे गाव कशाला निवडावे? येथे विमानतळ नाही, वैमानिकांची शाळा नाही. तरीही दोन निमित्तांनी हेलिकॉप्टर आपल्या दारी येते. एक निमित्त निवडणुकीचे वा मोठ्या समारंभाचे आणि दुसरे महापुराचे. सभेच्या दिवशी शाळेच्या मैदानावर चुन्याचे वर्तुळ आखले जाते आणि सारी पंचक्रोशी तेथे लोटते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, शेजारच्या आष्टी तालुक्यातील कडा परिसरात, पुराच्या वेढ्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. सिंदफणेच्या काठी राहणाऱ्यांना पुराचे भय निराळे सांगावयास नको.

या दोन्ही प्रसंगी मैदान साफ करणारे, दोर धरून उभे राहणारे आणि गर्दी आवरणारे हात आपलेच असतात. म्हणून हा विषय केवळ वैमानिकांचा नाही, आपलाही आहे. मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. इंजिन बंद पडते ते आकाशात. परंतु माणसे वाचणार की नाही, याचा निकाल पुष्कळदा जमिनीवर आधीच लागलेला असतो.

इंजिन थांबले तरी पाते थांबत नाही

सर्वसामान्य समज असा की, विमानाला पंख असल्यामुळे ते इंजिन बंद पडल्यावर तरंगत येऊ शकते, पण हेलिकॉप्टर मात्र दगडासारखे कोसळते. हा समज चुकीचा आहे. पाटोद्याच्या पठारांवर आपण पवनचक्क्या पाहतो. त्या पात्यांना कोणतेही इंजिन फिरवत नाही; वारा फिरवतो. इंजिन बंद पडलेल्या हेलिकॉप्टरचेही तसेच होते. ते खाली येऊ लागले की, हवा खालून वर पात्यांमधून जाऊ लागते आणि पाती फिरती राहतात. फिरत्या पात्यांमुळे उतरण्याचा वेग आटोक्यात राहतो आणि यान वैमानिकाच्या हाती राहते. या क्रियेला ऑटोरोटेशन म्हणतात. आपण त्याला स्वयंभ्रमण म्हणू. ह्वान दे ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याचे जे ऑटोजायरो जानेवारी १९२३ मध्ये उडाले, त्याची वरची पाती संपूर्ण उड्डाणात अशीच, केवळ हवेच्या जोरावर फिरत होती. म्हणजे हे तत्त्व आजच्या हेलिकॉप्टरहूनही जुने आहे.

सायकलचे फ्रीव्हील सर्वांच्या परिचयाचे आहे. पायडल मारणे थांबवले तरी चाक फिरत राहते. हेलिकॉप्टरातही इंजिन आणि पाती यांच्यामध्ये तशीच योजना असते. इंजिन थांबले की पाती त्यापासून आपोआप सुटतात. मृत इंजिन त्यांना अडवून धरत नाही. मात्र वैमानिकाला एक गोष्ट तत्काळ करावी लागते. त्याच्या डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाची तरफ असते. ती खाली दाबून त्याला पात्यांचा कोन कमी करावा लागतो, अन्यथा हवेचा विरोध पात्यांची गती खाऊन टाकतो. हलक्या हेलिकॉप्टरांत यासाठी जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. एकदा गती गेली की ती परत मिळत नाही.

त्यानंतर हेलिकॉप्टर मिनिटाला साधारण साडेचारशे ते पाचशे मीटर या वेगाने उतरू लागते. तीनशे मीटर उंचीवर इंजिन बंद पडले तर वैमानिकाच्या हाती चाळीस सेकंदांच्या आसपास वेळ असतो. तेवढ्यात त्याने वाऱ्याची दिशा ओळखावयाची, मोकळे शेत निवडावयाचे, तारा, विहिरी, शेडनेट व उभा ऊस टाळावयाचा आणि आपत्तीचा संदेश द्यावयाचा. जमीन जवळ आली की तो नाक वर उचलून पुढचा वेग मोडतो आणि अगदी शेवटी तरफ वर ओढतो. फिरत्या पात्यांत साठलेली शक्ती त्या क्षणी आधार देते. ही पुंजी एकदाच खर्च करता येते. पाच मीटर आधी खर्च केली तरी हेलिकॉप्टर आपटते.

उंची आणि वेग ही ठेव

याचा अर्थ असा की, इंजिन बंद पडल्यावर वाचण्यासाठी हाती काहीतरी शिल्लक असावे लागते. ती शिल्लक म्हणजे उंची अथवा पुढे जाण्याचा वेग. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, त्याच्याकडे इलाज नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या माहितीपुस्तिकेत उंची आणि वेग यांचा एक आलेख दिलेला असतो. काही मीटरपासून शंभर-सव्वाशे मीटरपर्यंतच्या उंचीवर, जवळजवळ एका जागी स्थिर उभे राहणे हा त्यातील सर्वांत धोक्याचा पट्टा होय. एकच इंजिन असलेल्या हेलिकॉप्टरचे इंजिन तेथे थांबले तर पात्यांना हवा पकडण्यास अवधीच मिळत नाही.

आता विचार करा, आपण त्याला याच पट्ट्यात केव्हा उभे करतो? सभेवर पुष्पवृष्टी करावयाची असते तेव्हा, आणि पुरातील माणसाला दोराने वर घ्यावयाचे असते तेव्हा. दुसऱ्या प्रसंगी जीव वाचवण्यासाठी जीव धोक्यात घातलेला असतो; ते धाडस वंदनीय आहे. पहिल्या प्रसंगी मात्र खाली हजारो माणसे उभी असतात आणि कारण केवळ हौसेचे असते. या दोहोंतील भेद प्रत्येक संयोजकाने ध्यानी घ्यावा.

तयारी असली तर काय होते, याची दोन उदाहरणे पाहू. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या ध्रुव जातीच्या हेलिकॉप्टरची शक्ती अचानक घटली आणि ते वेगाने खाली येऊ लागले. वैमानिकांनी ते नियंत्रितपणे समुद्रावर उतरवले. तिघेही जवान सुखरूप बाहेर आले. दुसरे उदाहरण २ ऑक्टोबर २०२४ चे, बिहारच्या मुजफ्फरपूर जिल्ह्यातले. पूरग्रस्तांसाठी मदतसामग्री टाकणाऱ्या वायुसेनेच्या हेलिकॉप्टरच्या इंजिनात बिघाड झाला. चोहीकडे पाणी; कोरडी जमीन जवळ नव्हती. वैमानिकाने ते पुराच्या उथळ पाण्यातच उतरवले. यानातील सर्व जण वाचले आणि त्यांच्या मदतीला प्रथम धावले ते तेथील ग्रामस्थ. ज्यांच्यासाठी हेलिकॉप्टर आले होते, त्यांनीच त्यातील माणसांना हात दिला.

सहा मिनिटांचा हिशेब

आता इंधनाकडे वळू. मोटारीचे इंधन संपले तर आपण ती रस्त्याच्या कडेला लावतो. आकाशाला कड नाही. म्हणून वैमानिक इंधन लिटरमध्ये मोजत असला तरी विचार मिनिटांमध्ये करतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुंबईहून शिरूर कासार सरळ रेषेत ढोबळमानाने २६० किलोमीटर धरा. हेलिकॉप्टरचा वेग ताशी २४० किलोमीटर आणि टाकीत १६० मिनिटांचे इंधन. वारा नसेल तर जाण्यास ६५ मिनिटे आणि येण्यास ६५, असे एकूण १३० मिनिटे लागतील. आता पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा ताशी ४० किलोमीटर धरा. येताना तो पाठीशी असतो. प्रवास ५६ मिनिटांत होतो. परतताना तोच समोरून येतो. तेव्हा ७८ मिनिटे लागतात. एकूण १३४. जाताना मिळालेला लाभ परतताना भरून निघत नाही, उलट चार मिनिटांची तूट येते; कारण विरोधी वाऱ्यात आपण अधिक काळ राहतो.

१६० मधून १३४ वजा केले की उरली २६ मिनिटे. दिवसा, डोळ्यांनी जमीन पाहत उडणाऱ्या हेलिकॉप्टरने उतरतेवेळी किमान २० मिनिटांचे इंधन राखून ठेवावे, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा सर्वसाधारण दंडक आहे. ही २० मिनिटे खर्चासाठी नसतात. ती आयुष्याची राखीव रक्कम असते. ती वगळली तर हाती उरतात सहा मिनिटे. इंजिन सुरू करण्याचा आणि चढाईचा खर्च तर आपण अद्याप धरलेलाच नाही.

या सहा मिनिटांत काय काय बसवावयाचे? सह्याद्रीवर ढग असतील तर वळसा, मुंबईला उतरण्यापूर्वी प्रतीक्षा, आणि आपल्या मैदानावर माणसे किंवा जनावरे आली म्हणून वर घालाव्या लागलेल्या घिरट्या. हेलिकॉप्टर पाहण्यासाठी धावत आलेला जमाव दोनदा वर्तुळात शिरला की ही सहा मिनिटे संपली. आपण हौसेने धावतो, तेव्हा वैमानिकाच्या टाकीतून इंधन काढून घेत असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

कोणी विचारील, मग टाकी काठोकाठ का भरत नाहीत? कारण इंधनालाही वजन असते. दोनशे लिटर विमान इंधन सुमारे १६० किलो भरते, म्हणजे दोन धडधाकट माणसे. टाकी भरली तर माणसे कमी करावी लागतात. माणसे वाढवली तर टाकी रिकामी ठेवावी लागते. मध्यम मार्ग म्हणजे छत्रपती संभाजीनगरसारख्या विमानतळावर उतरून इंधन घेणे. त्याने कार्यक्रमाला अर्धा तास उशीर होतो. हा अर्धा तास वैमानिकाने मागितला तर तो आनंदाने द्यावा. आयत्या वेळी ‘आणखी एक कार्यकर्ता बसवा’ असा आग्रह धरू नये.

टाकीत इंधन, तरीही इंजिन बंद

इंधन असणे आणि ते इंजिनापर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात पोलिसांचे हेलिकॉप्टर एका गजबजलेल्या मद्यालयाच्या छपरावर कोसळले. यानातील तिघे आणि इमारतीतील सात, असे दहा जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले की, यानात ७६ किलो इंधन शिल्लक होते, पण ते मुख्य टाकीत. तेथून इंजिनांना पुरवठा करणाऱ्या छोट्या टाक्यांत ते नेणारे पंप बंद ठेवलेले होते. इंधन कमी असल्याचे इशारे पुनःपुन्हा मिळाले होते. प्रथम एक इंजिन थांबले आणि थोड्याच वेळात दुसरे. दोन इंजिने असूनही उपयोग झाला नाही, कारण दोघांची उपासमार एकाच कारणाने झाली होती.

यातील बोध असा की, इशारा मिळाल्यावर उड्डाण चालू ठेवण्यासाठी कारणे शोधू नयेत. लवकरात लवकर उतरावे. इंधन राखीव मर्यादेखाली जाणार असे दिसले तर वैमानिकाने ‘मेडे फ्युएल’ असा संदेश देणे, हा आता जगभर मान्य झालेला संकेत आहे. संकट वेळीच बोलून दाखवण्यात कमीपणा नाही, हे जगातील विमान वाहतुकीने अनेक प्राण गमावून स्वीकारले आहे.

ऊन, वजन आणि तारा

आपल्या मराठवाड्याचा विचार करताना आणखी एक घटक येतो. तो म्हणजे ऊन. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पात्यांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची शक्तीही घटते. बालाघाटावरील ६०० मीटर उंचीचे एखादे मैदान घ्या. तेथे पारा ४० अंशांवर गेला की हेलिकॉप्टरला तेथील हवा सुमारे १,६५० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ भासते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी आपण हेलिकॉप्टरला आपल्या मैदानावरून नव्हे, जणू महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरावरून उड्डाण करावयास सांगतो. सकाळी सातला सहज उचलले जाणारे वजन दुपारी दोनला उचलले जाईलच असे नाही. दोन इंजिनांपैकी एक गेले तरी दुसऱ्यावर उडत राहता येते, हे खरे. पण वजन बेताचे असेल आणि हवा साथ देत असेल तरच.

२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हेलिकॉप्टरला झालेला अपघात सर्वांना आठवत असेल. तो इंजिन बंद पडण्याचा प्रसंग नव्हता. मे महिन्यातील दुपारी उड्डाण केल्यावर वाऱ्यात बदल जाणवला, वैमानिकाने पुन्हा उतरण्याचे ठरवले आणि खाली येताना ते विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्व जण बचावले. दोन इंजिनांचे, अनुभवी वैमानिकांच्या हातातील यान! तरीही मैदानाच्या कडेच्या तारांनी घात केला. जागा निवडताना आपण मंडपापासूनचे अंतर पाहतो. पाहावयास हव्यात त्या तारा. हेलिकॉप्टर उतरण्याच्या आणि उडण्याच्या, अशा दोन्ही दिशा मोकळ्या हव्यात. परत फिरण्याची वेळ आली तर उतरण्यास जागा हवी.

आपण काय करावे?

आता आपल्या कामाच्या गोष्टी सांगतो. हेलिपॅडची जागा वैमानिकाला अथवा त्याच्या प्रतिनिधीला आधी दाखवावी आणि जवळच्या तारा, मनोरे, झाडे, पवनचक्क्या यांची खरी माहिती द्यावी. एखादी तार लपवून जागा मंजूर करून घेणे म्हणजे आपल्याच नेत्याच्या जिवाशी खेळ आहे. मैदानावर आधी पाणी मारावे, कारण उडालेल्या धुळीत वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. पताका, मंडपाचे कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या, पिशव्या दूर ठेवाव्यात. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून कापडी नळी किंवा धूर असावा. पाती पूर्ण थांबेपर्यंत कोणीही आत जाऊ नये. जाण्याची वेळ आलीच तर वैमानिकाच्या खुणेनंतर, त्याच्या नजरेसमोरून, वाकून जावे. शेपटीकडून कधीही नव्हे, कारण तेथील छोटे पाते वेगामुळे डोळ्यांना दिसतच नाही.

आणि एखादे हेलिकॉप्टर आपल्या शेतात अकस्मात उतरले तर? मे २०२४ मध्ये मिरज तालुक्यातील एरंडोलीच्या शिवारात लष्कराच्या हेलिकॉप्टरने तांत्रिक कारणाने असे आपत्कालीन अवतरण केले होते. ते सुखरूप उतरले आणि पाहण्यासाठी गर्दी जमली. अशा वेळी प्रथम ११२ वर कळवावे. मंदावणारी पाती खाली झुकतात, म्हणून ती थांबेपर्यंत अंतर राखावे. विडी-सिगारेट, काडी दूर ठेवावी. छायाचित्रासाठी यानाला रेलू नये, सुटा भाग उचलू नये. चौकशीत तोच महत्त्वाचा पुरावा ठरतो. जखमी असतील तर वैमानिकाचे सांगणे ऐकून त्यांना बाहेर काढावे. दहा जणांनी हाताला हात धरून केलेले कडे तेथे शंभर जणांच्या उत्साहाहून अधिक उपयोगी पडते.

‘नाही’ म्हणणाऱ्याचा मान

शेवटी एक गंभीर गोष्ट. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर खराब हवामानात नल्लमलाच्या अरण्यात कोसळले आणि पाचही जण गेले. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले. वैमानिकासह सात जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील एक दांपत्य आणि त्यांची चिमुकली होती. या दोन्ही दुर्घटना मोठ्या हवामानाच्या होत्या. अशा प्रत्येक उड्डाणात एक वळण असे येते की, तेथून मागे फिरता येते. ते वळण ओलांडले की निवड उरत नाही.

त्या वळणावर वैमानिक एकटा नसतो. खाली वाट पाहणारी सभा, मागे बसलेला मान्यवर, हातातील घड्याळ आणि ‘काल दुसरा वैमानिक गेला होता’ हे वाक्य, हे सारे त्याच्याबरोबर असतात. हा दबाव निर्माण करणारे आपण असतो आणि तो दूर करणारेही आपणच असू शकतो. सभा दोन तास उशिरा झाली किंवा रद्द झाली तर पुन्हा घेता येते. आमंत्रण देतानाच संयोजकांनी कळवावे की, हवामान अथवा इंधन यांमुळे आपण येऊ शकला नाहीत तर आमची तक्रार राहणार नाही. या एका वाक्याने वैमानिकाच्या मनावरचे ओझे उतरेल. त्याच्या राखीव वीस मिनिटांना कोणी हात लावणार नाही.

‘आज उडता येणार नाही’ असे जो वैमानिक सांगतो, त्याला भित्रा म्हणू नका. त्याचे ऐकणे ही आपली शिस्त आणि ती पाळणे हे आपले कर्तव्य आहे. पुढच्या वेळी आपल्या मैदानावर चुन्याचे वर्तुळ आखाल, तेव्हा आधी वर पाहून तारा मोजा, मग दोर बांधा आणि दोराच्या आत कोणालाही येऊ देऊ नका. आपल्या स्वतःच्या माणसालाही नाही.